महादेवी कुणाच्याच वाट्यात नव्हती

धामणवाडीच्या शेषेरावांनी वाटण्या मनावर घेतल्या त्या भूकंपामुळं. एरवी त्या माणसानं पोरांच्या हाती तंबाखूची डबीसुद्धा सोपवली नसती.

त्या पहाटे किल्लारीकडची गावंच्या गावं भुईसपाट झाली. धामणवाडी तिथून लांब, शिरूर अनंतपाळच्या अंगाला. इथं माणूस दगावलं नाही, पण शेषेरावांच्या दगडी घराच्या भिंतींना पोटं सुटली आणि माडीचा जिना घराशी भांडल्यासारखा हातभर बाजूला जाऊन उभा राहिला. त्या घरात पुन्हा पाठ टेकायची कुणाची छाती होईना. मग सगळं बिऱ्हाड शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याच्या जागेला आलं. पत्र्याचं एक लांबलचक शेड मारलं आणि त्यात शेषेराव, त्यांची बायको तारामती, थोरला बजरंग, धाकटा रामकिशन, दोन सुना आणि नातवंडं ओळीनं राहू लागली. शेजारीच व्यंकटी सालगड्याची गवताची खोप होती. तिची एक काडीसुद्धा हलली नव्हती.

व्यंकटीची बायको महादेवी हे दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायचीच. जीभ तिखट होती तिची. व्यंकटी किल्लारीकडं ढिगारे उपसायला गेला होता, तो परत येऊन चार दिवस कुणाशी बोलला नाही, तेवढे दिवस ती गप्प होती. मग पुन्हा सुरू झाली. "आमच्या घरात पडण्यासारखं हायच काय," असं म्हणायची आणि मालकांच्या शेडकडं बघून हळूच हसायची.

शेडमधली मंडळी मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. दगडी घरात भिंती दोन हात जाड होत्या. थोरलीनं धाकटीला काय म्हटलं ते भिंतीतच जिरायचं. पत्र्याला ती सवय नव्हती. या टोकाला कुणी उसासा टाकला की त्या टोकाला विचारायचे, कशाला टाकला म्हणून. ते घर एवढी वर्षं एकत्र राहिलं ते प्रेमापेक्षा भिंतींमुळं, हे त्या हिवाळ्यात सगळ्यांनाच कळून चुकलं. शेवटी शेषेरावांनी सांगून टाकलं, की धरणीमायचाच भरवसा राहिला नाही तर माझा काय, येत्या पाडव्याला वाटण्या करून टाकू.

पाडवाच का, तर त्या दिवशी सालगड्याचं साल सरतं आणि नवं लागतं. म्हणजे जमीन, जनावरं, औजारं आणि माणसं एकदमच वाटता येतात.

माणसं वाटणं हे त्या घराला नवीन नव्हतं. व्यंकटीचा आजा शेषेरावांच्या आजीबरोबर देगलूरकडून आंदणात आला होता. आंदणात दोन देवणी गाई, एक समई, तांब्याचा एक हंडा आणि हा आजा. हंडा पुढं चोरीला गेला, समई देवघरात राहिली, गाईंचं वेत गोठ्यात वाढलं आणि आज्याचं खोपीत. शेषेरावांच्या वडिलांची आणि चुलत्याची वाटणी झाली तेव्हा व्यंकटीचा बाप इकडं आला आणि बापाचा सख्खा भाऊ चुलत्याकडं गेला. ते दोघं भाऊ मग जन्मभर बांधाच्या दोन अंगांना उभं राहून एकमेकांची खुशाली विचारत. कागदावर कुणी कुणाचं नव्हतं. पाडव्याला साल सरायचं हे खरं, पण दुसरं त्याच दिवशी लागायचं. मधल्या फटीतून बाहेर पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

व्यंकटीला मात्र या सगळ्याचा अभिमान होता. "आमी आंदणातले," असं तो देवणीच्या बाजारात अनोळखी माणसाला सांगायचा, जसं काही समई आणि तो एकाच मोलाचे.

पाडव्याला पंच आले. त्यांतले मोठे वीरण्णा अप्पा. आखाड्यावरच्या लिंबाखाली नवी वाकळ अंथरली. पलीकडं लातूरचा चांदपाशा पिंजारी कापूस पिंजत बसला होता. दरवर्षी तो एकदा धामणवाडीला यायचा, पण त्या साली पत्र्याखाली गारठलेल्या गावानं त्याला तीनदा बोलावलं होतं. त्याच्या धनुकलीच्या टणत्कारात वाटणी सुरू झाली. महादेवी चहाचं ताट घेऊन फिरत होती, त्यामुळं तिला सगळं नीट ऐकू आलं.

काळी जमीन निम्मी निम्मी झाली. बैल झाले, तिफणी झाल्या, म्हशी झाल्या. विहिरीपाशी घोडं अडलं. विहीर एकच, बारमाही पाण्याची. ती एकाला गेली तर दुसऱ्याच्या पारड्यात काय टाकायचं? वीरण्णांनी बराच वेळ सुपारी चघळली आणि म्हणाले, व्यंकटी टाका. तीबी बारमाही आन् ह्योबी बारमाही. सगळ्यांना ते पटलं. तरी विहिरीचं पारडं थोडं जड वाटतंय असं एक पंच म्हणाला, म्हणून व्यंकटीच्या बाजूला बांधावरचा खोबऱ्या आंबा घातला. त्या आंब्याचं लोणचं दोन साल टिकायचं. शिवाय एक गाभण शेळीही घातली.

चिठ्ठ्या कुणी उचलायच्या, तर आईनं. आईला दोन्ही पोरं सारखी. तारामतीनं पदराखालून हात काढून एक चिठ्ठी उचलली. विहीर रामकिशनला गेली. व्यंकटी, आंबा आणि शेळी बजरंगाला.

महादेवी ताट घेऊन उभीच राहिली. आता आपलं नाव येईल असं तिला वाटत होतं. पण पंचांनी चहा संपवला, पान खाल्लं, धोतरं झटकली. महादेवीचं नाव कुणी घेतलं नाही.

व्यंकटी फुगून खोपीत आला. म्हणाला, "मला हिरीच्या बरोबरीनं धरलं गं."

"हीर पळून जात न्हाई. तुमीबी जात न्हाई. म्हणून बरोबरीनं."

"तुला काय, तुला कशातच गोडी न्हाई."

"मला कुणाच्या वाट्यात टाकलं ते सांगा आधी."

व्यंकटीनं डोकं खाजवलं. त्याला ते आठवेना, कारण तसं काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला थोरल्या सुनेनं गोठा लोटायला महादेवीला हाक मारली. त्याच वेळी धाकटीनं म्हशीच्या धारांसाठी हाक मारली, कारण ती म्हैस महादेवीच्या हाताशिवाय कुणाला थेंब देत नव्हती. महादेवी खोपीच्या तोंडाशी बसून मिश्री लावत राहिली. दोन्ही सुना येऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा तिनं तोंड धुऊन शांतपणे विचारलं, की मी नेमकी कुणाची?

थोरली म्हणाली, यात काय विचारायचं, व्यंकटी आमचा म्हणजे तूही आमची. हे धाकटीनं जाऊन रामकिशनला सांगितलं. आणि रामकिशनच्या डोक्यात एकदम उजेड पडला. तो तालुक्याला वकिलाच्या ओट्यावर बसणारा माणूस. त्यानं हिशेब मांडला, की महादेवी व्यंकटीसोबत गेली तर बजरंगाला एका विहिरीच्या बदल्यात दोन माणसं मिळाली. पारडं चुकलं. तेव्हा खोबऱ्या आंबा इकडं द्या.

पंच पुन्हा लिंबाखाली बसले. चांदपाशाची धनुकली थांबली, कारण हे त्याला ऐकायचं होतं. वीरण्णांनी रामकिशनचं म्हणणं ऐकून मान डोलावली. म्हणाले, मुद्दा बरोबर हाय. बजरंगा, बाईला आपल्यात धरतोस तर आंबा सोड.

बजरंगानं आंब्याकडं पाहिलं. त्या साली मोहर असा होता की पान दिसत नव्हतं. तो म्हणाला, "ती माझ्या वाट्यात न्हाई. तिला धरलंच नव्हतं."

"मग रामकिशनकडं राहू दे," वीरण्णा म्हणाले.

तेवढ्यात बजरंगानंही वकिली दाखवली. ती तिकडं गेली तर विहिरीवरची मोटार इकडं आली पाहिजे, तो म्हणाला. मोटार नवी होती. रामकिशननं हात झटकले आणि तोही भर पंचांत बोलला, की ती आमच्यातही नाही.

महादेवी तिथंच उभी होती. तिनं वीरण्णांना विचारलं, "अप्पा, म्हणजे मी कुणाचीच न्हाई?"

वीरण्णा शेषेरावांकडं बघू लागले, शेषेराव आंब्याकडं. शेवटी अप्पा म्हणाले, "आता दोघंबी न्हाई म्हणून राहिलेत, तर कुणाचीच न्हाई बाई."

असा तिचा निकाल लागला. खोपीत येऊन ती बसली तेव्हा आधी तिला रडू आलं. शेळीला सुद्धा वाटा होता. सोळाव्या वर्षी या आखाड्यावर आल्यापासून तिनं उपसलेलं शेण एका जागी रचलं असतं तर शेषेरावांच्या माडीएवढा ढीग झाला असता, आणि पंचांना तिची आठवण तिसऱ्या चहालाही झाली नाही. मग रडता रडता तिच्या लक्षात आलं, की आज गोठा लोटायचा नाही. धाराही काढायच्या नाहीत. कुणी हाक मारली तर ओ द्यायचं कारण नाही. तिनं नाक पुसलं आणि बाहेर येऊन उगाच आखाड्याला एक चक्कर मारली. काहीही काम नसताना त्या वाटेनं ती आयुष्यात पहिल्यांदा चालली. आधी पायांना ते कळेनाच, ते आपले गोठ्याकडं वळायचे.

चांदपाशा सामान आवरत होता. तो म्हणाला, "महादेवीबाई, आमच्या बिलकीसला भाकऱ्या करायला बाई पायजे. वरच्या खोल्यांत पोरं भरलेत. येती का लातूरला?"

महादेवीची एकुलती पोर सासरी नांदायला गेली होती, पाठीमागं कुणी ओढणारं नव्हतं. महादेवीनं लुगडी गाठोड्यात बांधली. व्यंकटी दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, की नवऱ्याला सोडून कशी जाशील.

"मी सोडून न्हाई चालले," ती म्हणाली. "तुमी वाट्यात गेलात. साल सरलं की या." आणि चांदपाशाच्या टेम्पोत कापसाच्या ढिगावर जाऊन बसली.

लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागच्या बोळात चांदपाशाचं घर होतं. पुढं गाद्यांचं दुकान, मागं स्वयंपाक, वर चार खोल्या. पूर्वी चांदपाशाच्या गाद्या लग्नसराईत खपायच्या. आता त्या अकरावीत खपत. जून लागला की नांदेड, देगलूर, धर्माबाद, कुठून कुठून पोरं लातूरला यायची, पहिली खोली बघायची आणि दुसरी गादी. त्या गादीवर दोन वर्षं बसून डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायचं आणि गादी तिथंच टाकून जायचं. चांदपाशा ती पुन्हा पिंजून पुढच्या पोराला विकायचा. त्याची बायको बिलकीस म्हणायची, की या एका गादीतून तीन डॉक्टर निघालेत.

बिलकीस गोरीपान, बसक्या आवाजाची, चहाची अतोनात शौकीन बाई. तिनं महादेवीची पहिली भाकरी हातात घेऊन उजेडाला धरली, जसा कापडवाला कापड धरतो, आणि त्याच दिवशी महिन्याचा पगार ठरवला. महादेवीला महिना ही गोष्टच माहीत नव्हती. तिचं सगळं आयुष्य सालात मोजलेलं. महिना एवढ्या लवकर कसा संपतो, हे तिला बरेच दिवस नवल वाटत राहिलं. पहिला पगार हातात पडला तेव्हा तिनं विचारलं, की आता पुढच्या महिन्याला राहायचं की नाही हे कोण ठरवणार. बिलकीस म्हणाली, "तुम ठरवो. और कौन?" महादेवीनं दोन दिवस मुद्दाम ठरवलं नाही. तिसऱ्या दिवशी राहते म्हणाली.

पोरं गुणी होती पण जेवताना ताटाकडं बघायची नाहीत. धर्माबादचा एक पोरगा तर घास हातात धरून सूत्रं म्हणायचा, आणि आमटीत बोट बुडलेलंही त्याला कळायचं नाही. क्लासमध्ये टक्क्यांप्रमाणं पोरांच्या तुकड्या पाडतात, हुशार एकीकडं, मधली दुसरीकडं, असं त्यानं सांगितलं तेव्हा महादेवीनं चौकशी केली, की चिठ्ठ्या कोण उचलतं. आणि कुठल्याच तुकडीत न धरलेलं पोर असलं तर त्यानं मुळीच वाईट वाटून घेऊ नये, असा निरोपही तिनं दिला.

इकडं धामणवाडीत रामकिशनची म्हैस आटली. बजरंगाच्या गोठ्यात शेणाचा थर चढला. दोन्ही सुना एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण महादेवीविषयी दोघींचं एकमत होतं. व्यंकटी मधून मधून एस.टी.नं यायचा, मालकाचा निरोप पाठ करून. निरोप सांगून झाला की जेवायला बसायचा आणि मग बैलांविषयी बोलायचा. तिच्याशिवाय करमत नाही हे त्याला सरळ सांगता येत नसे, म्हणून तो सांगायचा, की पांढऱ्या खोंडाला करमत नाही. खोंड वैरण खात नाही. खोंड सारखा रस्त्याकडं बघतो. महादेवी त्याला आणखी एक भाकरी वाढायची आणि म्हणायची, खोंडाला म्हणावं, साल सरू दे.

साल सरलं. व्यंकटी आला नाही. बैलांची जोडी नवी होती, त्यांना कुणाच्या भरवशावर सोडायचं, असं तो म्हणाला. महादेवी त्या दिवशी भाकऱ्या थापताना परात एवढी आदळत होती, की वरची पोरं भूकंप समजून पुस्तकं घेऊन खाली पळाली.

त्या हिवाळ्यात येळवसेच्या आदल्या दिवशी बजरंग स्वतः लातूरला आला. येळवस म्हणजे शेतातलं जेवण, कडब्याच्या खोपीत पूजा, भज्जी आणि आंबील. महादेवीच्या हातची आंबील पिऊन पाव्हणे झाडाखाली आडवे व्हायचे. गेल्या साली थोरलीनं केलेली आंबील कुत्र्यानं हुंगून सोडली होती. बजरंग दुकानात उभा राहून सांगू लागला, की झालं गेलं विसर, तू आमचीच. तो बोलत असतानाच बोळाच्या तोंडाला रामकिशनची मोटारसायकल थांबली. दोघा भावांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही चांदपाशाच्या गाद्यांचे भाव विचारू लागले.

महादेवी पिठानं भरल्या हातानं बाहेर आली. तिनं दोघांचंही ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी येते. पण आधी ज्यानं न्यायचं त्यानं पंचांम्होरं बोलायचं, की बाई माझी. थोरले मालक बोलले तर आंबा सोडायचा. धाकले मालक बोलले तर मोटार."

बजरंग रामकिशनकडं बघू लागला, रामकिशन बजरंगाकडं. शेवटी बजरंगानं एक उशी विकत घेतली, कारण आलोच आहे तर रिकाम्या हातानं कसं जायचं, आणि दोघे आले तसे वेगवेगळे परत गेले. बिलकीस पडद्याआडून इतकी हसली की तिला ठसका लागला.

पुढच्या जूनमध्ये घराच्या दाराशी एक टेम्पो उभा राहिला. त्यातून रामकिशनची लेक साक्षी उतरली. तिला अकरावीला सायन्सला प्रवेश मिळाला होता. मग एक स्टोव्ह उतरला, डबे उतरले, आणि सगळ्यात शेवटी गुडघ्यांवर हात ठेवत तारामती उतरली. पोरीच्या पोटाचं बघायला घरचं माणूस हवं म्हणून त्या वर्षी बोळातल्या निम्म्या खोल्यांत आया नाहीतर आज्या राहत होत्या. पण शेषेरावांची बायको येईल असं महादेवीला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तिला काय हाक मारावी हेच महादेवीला कळेना. मालकीणबाई म्हणावं तर आपण कुणाच्या वाट्यात नाही. नाव घ्यावं तर जीभ रेटेना. दोन दिवस ती नुसतं "अहो, तिकडं" असं करत राहिली. तारामतीही जिन्यावरून उतरताना तिच्याकडं न बघता उतरायची. तिसऱ्या दिवशी वरून भसाभसा धूर आला. तारामतीला चूल जन्मभर ठाऊक, पण स्टोव्हचं आणि तिचं जमेना. पंप मारला की तो भडकायचा, न मारला की विझायचा. महादेवी वर गेली, पिन घातली, स्टोव्ह पेटवून दिला. साक्षी क्लासला गेली होती. तारामती भिंतीला टेकून बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली. धुराचं निमित्त होतं.

"माझीबी वाटणी झाली गं," ती म्हणाली.

महादेवीला आधी वाटलं, चुकीचं ऐकलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शेषेरावांनी सगळं पोरांना दिलं, स्वतःसाठी काही ठेवलं नाही. मग त्यांना कुणी सांभाळायचं यावरून पोरांची पुन्हा जुंपली आणि वीरण्णांना पुन्हा बोलावलं. दोघांना एका घरी ठेवणं एकाला जड जाईल असं ठरलं. म्हातारा बजरंगाकडं, म्हातारी रामकिशनकडं. आणि रामकिशनला पोरीसाठी लातूरला माणूस हवंच होतं.

महादेवीनं स्टोव्हला दोन पंप मारले. मनातून तिला थोडं बरं वाटलं, हे खोटं कशाला बोला. चिठ्ठी उचलणारा तो पदराखालचा हात तिला आठवत होता. पण समोर बसलेल्या बाईचा चेहरा बघून ते बरं वाटणं फार टिकलं नाही. तिनं विचारलं, "पारडी बरोबर झाली का?"

तारामती हळूच म्हणाली, "न्हाई झाली. त्यांचं खाणं जास्त, आन् कामाला काई उपयोग न्हाई. म्हणून बजरंगाला वर एक म्हैस दिली."

महादेवीनं ओठ आवळून धरले. तारामतीच्या गालाचा एक कोपरा हलला. आणि मग दोघी एकदम फुटल्या. इतक्या हसल्या की स्टोव्हवरचा भात करपला, खालून बिलकीस धावत आली, तिला सांगून पुन्हा हसल्या. हसता हसता तारामती केव्हा रडायला लागली ते तिलाही कळलं नाही, आणि बिलकीसनं तिला पोटाशी धरून "बस आपा, बस" म्हणत थोपटलं. तेव्हापासून त्या घरात तिचं नाव आपा, म्हणजे थोरली बहीण, पडलं आणि महादेवीचाही हाकेचा प्रश्न सुटला. शेषेरावांच्या बायकोला ती आपा म्हणू लागली.

साक्षी दिवसभर क्लासला. आपाला खोलीत भिंती खायला उठायच्या. ती खाली येऊन बसू लागली, मग पीठ मळू लागली, मग एक दिवस परातीसमोरच बसली. महादेवीनं तिची भाकरी उचलून उजेडाला धरली आणि कड जाड राहिली म्हणून परत थापायला लावली. तारामतीनं एकदा तिच्याकडं रोखून पाहिलं. नंतर मुकाट्यानं दुसरा गोळा घेतला. बिलकीसनं महिनाअखेरीला तिच्या हातात पगार ठेवला, तेव्हा ती तो घेऊन जिन्यात बराच वेळ बसून राहिली होती. महादेवीनं तिला तसंच बसू दिलं.

दिवाळीच्या आसपास एका दुपारी शेषेराव आले. बायकोला बघायला आलो असं कसं सांगायचं, म्हणून गादी बघायला आलो म्हणाले. बरोबर सोबतीला व्यंकटी. चांदपाशानं बसा म्हटलं आणि तिथं एक पेच पडला. व्यंकटीचा बाप मालकासमोर भुईवर बसत आला, व्यंकटीही. पण त्या दुकानात भुई दिसतच नव्हती. सगळीकडं गाद्या, एकावर एक. शेषेराव एका ढिगावर बसले. व्यंकटी इकडं तिकडं बघत उभा राहिला. त्यातल्या त्यात बुटका ढीग शोधून बसायला गेला, तर तो नव्या कापसाचा निघाला आणि वर फुगून आला. बसला तेव्हा व्यंकटीचं डोकं मालकाच्या डोक्यापेक्षा चार बोटं वर.

तो घाईनं उठू लागला. महादेवी चहा घेऊन दारात आली होती. ती म्हणाली, "बसा की. गादी हाय, विंचू न्हाई."

व्यंकटीनं शेषेरावांकडं पाहिलं. म्हातारा थकला होता. त्याच्या वाटणीनंतरच्या आठ महिन्यांत त्यालाही थोरल्याच्या घरात कुठं बसावं हे कळेनासं झालं होतं. तो म्हणाला, "बस रे व्यंकटी. मीबी वाट्यातलाच आता."

व्यंकटी बसला. आधी अवघडून, मग जरा मागं सरकून, मग पाय सोडून. चहा पिता पिता त्याला डुलकी लागली. आपल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात दिवसाउजेडी तो गादीवर पहिल्यांदाच झोपला होता, आणि तो उठेचना. शेषेराव शेवटच्या एस.टी.ला एकटेच गेले. जाताना तारामतीनं त्यांना फडक्यात भाकऱ्या बांधून दिल्या, तिच्या स्वतःच्या पगारातल्या पिठाच्या. तसं तिनं त्यांना सांगितलंही. त्यांनी गाठोडं छातीशी धरलं.

व्यंकटी दुसऱ्या दिवशी गेला, पण पाडव्याला साल संपवून परत आला आणि चांदपाशाच्या हातगाडीवर गाद्या पोचवू लागला. बजरंगानं खूप आरडाओरडा केला. त्याचं म्हणणं, व्यंकटी गेला तर रामकिशननं विहिरीचं निम्मं पाणी द्यावं. ते भांडण पुढं कोर्टात गेलं आणि बहुधा अजून चालू असेल. व्यंकटीला बैलांची आठवण यायची. चढावर तो हातगाडीला हळू आवाजात दम द्यायचा, थोपटायचा, आणि पाणी प्यायला थांबला की गाडी सावलीत लावायचा. महादेवी त्यावरून त्याला हसायची, पण पोरांसमोर नाही.

साक्षी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिला नांदेडला कॉलेज मिळालं. निकालाच्या आठवड्यात रामकिशन टेम्पो घेऊन आला. खोली रिकामी करायची होती. त्यानं डबे चढवले, पुस्तकं चढवली, स्टोव्ह चढवला. मग आईला म्हणाला, की बस पुढं, ड्रायव्हरजवळ.

तारामती परातीसमोर होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, बोटांनी पाणी फिरवलं, उलटली, फुगेपर्यंत वाट बघितली. मग म्हणाली, "स्टोव्ह उतरवून ठेव बाबा. तो मला लागतो."

रामकिशनला काही सुधरेना. त्यानं महादेवीकडं पाहिलं, बिलकीसकडं पाहिलं. दोघी आपापल्या कामात होत्या. वरून पोरांचा जेवायला येण्याचा गलका ऐकू येत होता. शेवटी त्यानं टेम्पोवर चढून स्टोव्ह खाली दिला, आणि महादेवीनं तो हात पुसून घेतला.